बसल्या जागची लढाई : सोमाली मित्रांचा रमजान



आज मी तुम्हांला एका लांबच्या देशात घेऊन जाणार आहे. लांबचा खरा, पण आपण समजतो तितका परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येला गेले की आफ्रिका खंडाचे एक टोक पाण्यात पुढे घुसलेले दिसते. गेंड्याच्या शिंगासारखा त्याचा आकार, म्हणून त्याला 'आफ्रिकेचे शिंग' म्हणतात. गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात ते मुलांना जरूर दाखवावे. हे सोमाली लोकांचे घर.

या देशाचे नाव आपल्या कानावर येते ते चाचेगिरी, दुष्काळ किंवा स्फोट यांच्या बातमीतून. पण तिथला माणूस दिवस मावळल्यावर काय करतो, कुणाबरोबर बसतो, कशावरून भांडतो, हे कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचे आहे. कारण त्या बसण्या-भांडण्यातच त्या देशाचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

रमजानचा महिना आहे असे समजा. गाव मोगादिशू, म्हणजे सोमालियाची राजधानी. हे शहर विषुववृत्तापासून अवघे दोन अंश उत्तरेला. त्यामुळे तिथे दिवस आणि रात्र बाराही महिने जवळजवळ सारखी. रमजान हा चांद्र महिना; तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. लंडनच्या मुसलमानाला कधी हिवाळ्यातला दहा-अकरा तासांचा, तर कधी उन्हाळ्यातला अठरा-एकोणीस तासांचा रोजा घडतो. मोगादिशूच्या माणसाला मात्र कोणत्याही ऋतूत तेरा-साडेतेरा तास. सूर्य साधारण सहाच्या सुमाराला बुडतो, फारसा मागे नाही, पुढे नाही.

दिवसाचा शेवटचा तास मोठा कठीण. पोटात अन्न नाही, घशात पाण्याचा थेंब नाही, आणि घड्याळाचा काटा तर हलता हलत नाही. अशा वेळी पोरे काय करतात? चेंडू काढतात! गल्लीत किंवा समुद्राकाठच्या वाळूत दोन दगड मांडले की झाला गोल. आपल्याकडे आट्यापाट्या आणि हुतूतू खेळताना पोरांना जेवणाची शुद्ध राहत नाही ना, तसेच हे.

मग बांग होते. आधी खजूर आणि पाणी. सोमाली भाषेत रोजा सोडण्याला 'अफुर' म्हणतात. अफुरच्या ताटात काय असते पाहा. 'सांबूस' म्हणजे आपला समोसा. 'बजिया' म्हणजे आपली भजी. फरक एवढाच की आपण डाळीचे पीठ घेतो, ते भिजवून वाटलेली चवळी घेतात. जोडीला 'बिसबास', म्हणजे मिरचीची झणझणीत चटणी. 'अंजेरो' तर आपल्या आंबोळीची सख्खी बहीणच, आंबवलेल्या पिठाची आणि तशीच जाळीदार. चहात वेलदोडा, दालचिनी, लवंग. भाताबरोबर मात्र ते केळे खातात, तेवढे आपल्याला नवलाचे वाटेल.

हे समोसे-भजी तिथे कसे पोचले, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर मुंबईच्या बंदरात आहे. मुंबईची आणि कच्छची गलबते वाऱ्याचा मोसम साधून त्या किनाऱ्याला जात. कापड आणि तांदूळ न्यायचे, ऊद, डिंक आणि कातडी आणायची. पुढे 1884 च्या सुमारास इंग्रजांनी बर्बेराचा किनारा ताब्यात घेतला. कशासाठी? तर एडनच्या पलटणीला ताजे मटण मिळावे म्हणून! एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे असल्यामुळे 1898 पर्यंत तो सोमाली किनाराही हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली होता. तिथल्या बाजारात आपला रुपया चाले, तो थेट 1951 सालापर्यंत. म्हणजे पाहा, एका ताटातल्या भज्यामागे केवढा इतिहास उभा आहे.

बरे, रोजा सुटला. मगरिबची नमाज झाली, पुढे रात्रीची तरावीहची लांब नमाजही झाली. हवा जरा गार झाली. आता सुरू होते रमजानची खरी रात्र. चार मित्र चहाच्या दुकानापुढे खुर्च्या ओढून बसतात. एक शाळामास्तर, एक बंदरातला हमाल, एक दुकानदार, एक कॉलेजात जाणारा पोरगा. बरोबरीचा असेल तर एकमेकांना 'वलाल' म्हणतात, म्हणजे भाऊ. वडीलधारा असेल तर 'अदेर', म्हणजे काका. शिवाय ज्याला त्याला टोपणनाव असतेच. उंचाला उंच म्हणतील, बुटक्याला बुटका म्हणतील, त्यात कुणी रागावत नाही. 2017 साली राष्ट्राध्यक्ष झालेले मोहम्मद अब्दुल्लाही मोहम्मद जगाला 'फार्माजो' या नावाने ठाऊक आहेत. तो शब्द इटालियन भाषेतला, अर्थ 'चीज'. आपल्या गावात काय वेगळे चालते?

या बैठकीला सोमाली भाषेत एक फार गमतीचे नाव आहे : 'फडी-कु-दिरिर'. 'फडी' म्हणजे बसणे, 'दिरिर' म्हणजे लढाई. बसल्या जागची लढाई! हे नाव ऐकून तुम्हांला आपला गप्पांचा फड आठवेल. शब्दांचे मूळ एक नाही, हा निव्वळ योगायोग. पण गोष्ट तीच. लढाईचे विषय दोन : फुटबॉल आणि राजकारण. एकजण आर्सेनलचा, दुसरा मँचेस्टर युनायटेडचा, तिसरा बार्सिलोनाचा. गोल ऑफसाइड होता की नव्हता, यावर तासभर. मग विषय मंत्रिमंडळावर घसरतो, तिथून निवडणुकीवर, आणि पाहता पाहता सहरीची वेळ जवळ येते.

तुम्ही म्हणाल, हे रिकामटेकड्यांचे उद्योग झाले. सोमाली लोकही तसे म्हणतात. 'फडी-कु-दिरिर' हे नाव त्यांनी थट्टेनेच ठेवले आहे. शिवाय पुरुष खुर्चीत बसून देश चालवतात तेव्हा आत बायका तळणीपुढे घाम गाळत असतात, हेही खरे. पण जरा थांबा. या थट्टेच्या बैठकीला देशाच्या इतिहासात काय किंमत आहे, ते पाहू.

एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. सोमाली समाज मुळात उंट-शेळ्या राखणारा, पाण्यामागे फिरणारा. त्यांच्या भाषेला 1972 सालापर्यंत सरकारमान्य लिपी नव्हती. कायदा, करार, वंशावळ, काव्य, सारे काही तोंडी. झाडाखाली पंचायत बसायची, आणि ज्याची वाणी धारदार त्याचा शब्द चालायचा. मोगादिशूची नभोवाणी 1951 साली सुरू झाली, बीबीसीची सोमाली सेवा 1957 साली. एका रेडिओभोवती सारी वस्ती जमायची आणि बातम्या संपल्या की वाद सुरू व्हायचा. ज्या गावात चावडीवर एकच रेडिओ होता, त्या गावातल्या वडीलधाऱ्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

या समाजाची दुसरी बाजू म्हणजे कुळ. सोमाली मुलाला बापाचे, आजाचे, पणजाचे असे अनेक पिढ्यांचे नाव पाठ करायला लावतात. भाषा एक, धर्म एक, पण कुळे अनेक. अडचणीत कुळ धावून येते, आणि भांडणातही कुळच ओढून नेते. या कुळाच्या पलीकडे जाऊन बसायला जागा कोणती? चहाचे दुकान आणि फुटबॉलचे मैदान!

हे मी अलंकारिक बोलत नाही. 15 मे 1943 रोजी मोगादिशूत 13 तरुणांनी एक मंडळ काढले. दुसऱ्या महायुद्धात इटलीचा पराभव झाला होता आणि शहरावर इंग्रजी लष्कराचा अंमल होता. या मंडळाचे नाव 'सोमाली तरुण क्लब'. नाव साधे, पण पोटात हेतू मोठा : कुळाकुळांतली फूट मोडायची आणि देश एक करायचा. 1947 साली त्याचेच 'सोमाली यूथ लीग' झाले, देशाला स्वातंत्र्याकडे नेणारा पक्ष. याच मंडळींनी इटालियनांच्या संघांशी खेळण्यासाठी सोमाली पोरांचा फुटबॉल संघ उभा केला; तो पुढे बोंधेरे या नावाने ओळखला गेला. गोऱ्या साहेबाशी मैदानावर बरोबरीने उभे राहता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्याकडे 1911 साली मोहनबागानच्या अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवले तेव्हा कलकत्त्यात जे झाले, त्याच जातीची ही गोष्ट.

पुढची वाट सरळ नव्हती. 11 जानेवारी 1948 रोजी चार बड्या राष्ट्रांचे मंडळ चौकशीला आले असताना मोगादिशूत दंगल उसळली. 50 हून अधिक इटालियन आणि अनेक सोमाली मारले गेले. त्यांत हावो ताको नावाची एक स्त्री होती. आज मोगादिशूत तिचे स्मारक आहे. नंतर दहा वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने पुन्हा इटलीचाच कारभार. अखेर 26 जून 1960 रोजी इंग्रजांकडचा उत्तर भाग स्वतंत्र झाला, 1 जुलैला दक्षिण भाग, आणि त्याच दिवशी दोन्ही मिळून एक प्रजासत्ताक झाले. निळ्या झेंड्यावर पांढरा तारा. राष्ट्रीय फुटबॉल संघालाही लोक 'महासागराचे तारे' म्हणू लागले.

सुरुवात मोठी देखणी झाली. 1967 साली पहिले राष्ट्राध्यक्ष आदेन अब्दुल्ला उस्मान निवडणूक हरले आणि शांतपणे घरी गेले. त्या काळच्या आफ्रिकेत ही अपूर्व गोष्ट होती. पण दोनच वर्षांत चित्र पालटले. मार्च 1969 च्या निवडणुकीत 123 जागांसाठी 60 हून अधिक पक्ष उभे! पक्ष कसले, एकेक कुळाने आपापली पाटी लावली होती. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष शेरमार्के यांचा खून झाला आणि 21 ऑक्टोबरला जनरल सियाद बारे यांच्या लष्कराने सत्ता घेतली.

बारे यांच्या राजवटीने काही चांगली कामे केली, ती नाकारता येणार नाहीत. भाषेला रोमन लिपी दिली. 1974 साली शाळा बंद ठेवून सुमारे 25,000 विद्यार्थी आणि शिक्षक खेड्यांत, उंटांच्या तळांवर पाठवले आणि भटक्या लोकांना अक्षरे शिकवली. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 1977 साली चीनच्या मदतीने मोगादिशूत मोठे स्टेडियम उभे राहिले. परंतु त्याच राजवटीत मोकळे बोलणे बंद झाले. चहाच्या दुकानात शेजारच्या खुर्चीवर हेर बसलेला असेल, ही भीती. कुळाचे नाव उच्चारायलाच बंदी. तेव्हा लोक मिस्कीलपणे विचारू लागले, "आपण 'माजी' कोणत्या कुळाचे?" वाद गेला, पण कुळ गेले नाही. ते आत जाऊन बसले आणि तिथे कुजत राहिले.

जानेवारी 1991 मध्ये बारे पळाले आणि आत साचलेले सगळे बाहेर फुटले. उत्तरेत वडीलधारी मंडळी बुराओ गावी जमली, बोलत राहिली, आणि 18 मे 1991 रोजी त्यांनी वेगळे सोमालीलँड जाहीर केले. दक्षिणेत मात्र शब्दांची जागा तोफांनी घेतली. मोगादिशूचे दोन तुकडे झाले. चार मित्रांच्या चार खुर्च्या रस्त्याच्या दोन बाजूंना गेल्या, आणि मधल्या हद्दीवर नेमबाज बसले. 3 मार्च 1992 रोजी दोन्ही बाजूंनी शस्त्रसंधीवर सही केली, तेव्हा रमजान दोन दिवसांवर आला होता. तरी त्या वर्षी दुष्काळाने आणि लुटालुटीने लाखो माणसे दगावली. ज्यांच्या घरी अफुरला काहीच नव्हते त्यांना रोजा काय आणि रोजा सोडणे काय! 1993-94 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने आपल्या भारतीय सेनेची एक ब्रिगेड तिथे गेली होती. आपले काही जवान आणि डॉक्टर त्या मातीत कामी आले.

यानंतर जे झाले ते ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. फुटबॉल पाहणे हाच गुन्हा ठरला. जुलै 2006 मध्ये धुसामरेब गावात विश्वचषकाचा उपांत्य सामना दाखवला जात होता. इस्लामी न्यायालयांच्या बंदूकधाऱ्यांनी तो बंद करायला लावला, लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि दोघे मेले. जून 2010 मध्ये मोगादिशूजवळ एका घरात लोक अर्जेंटिना-नायजेरिया सामना पाहत होते. अतिरेक्यांनी घरात शिरून दोघांना ठार मारले आणि इतरांना पकडून नेले. त्याच वर्षी 11 जुलैला अंतिम सामना पाहणाऱ्यांवर युगांडात, कंपाला शहरात, अल-शबाब संघटनेने स्फोट घडवले. 70 हून अधिक लोक गेले. मोगादिशूचे मोठे स्टेडियम तर अल-शबाबचा तळच बनले होते.

बंदूकधारी चेंडूला इतके का भ्याले? ते म्हणत, हा वेळेचा अपव्यय आहे, धर्माला धरून नाही. पण सामना पाहायला जमलेले लोक पाच वेळा नमाज पढणारे आणि तीस रोजे धरणारेच होते. माझ्या मते भीतीचे कारण दुसरे आहे. कुळ जन्माने मिळते, ते बदलता येत नाही. हुकूम वरून येतो, तो मोडता येत नाही. फुटबॉलचा संघ मात्र माणूस स्वतः निवडतो. एकाच कुळातले दोन भाऊ दोन संघांचे असतात, आणि वैरी कुळांतले दोघे एकाच गोलासाठी एकत्र उडी मारतात. ज्याला आपली बाजू आपण निवडायची सवय लागली, तो उद्या राज्यकर्त्याविषयीही तसेच म्हणेल!

2011 चा रमजान ऑगस्टच्या पहिल्या दिवशी लागला. देशात पुन्हा भीषण दुष्काळ होता. त्या रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, 6 ऑगस्टला, अल-शबाबने मोगादिशूतून माघार घेतली. पुढच्या वर्षी, 1 ऑगस्ट 2012 रोजी, तोही रमजानच, प्रतिनिधींच्या सभेने देशाची नवी हंगामी राज्यघटना संमत केली. बाहेर आत्मघातकी हल्लेखोर आले होते; ते दारातच मारले गेले आणि आत मतदान पुरे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय नाट्यगृहातील स्फोटात देशाच्या फुटबॉल संघटनेचे आणि ऑलिंपिक समितीचे असे दोन्ही अध्यक्ष गेले होते. तरी मैदान थांबले नाही. सप्टेंबर 2017 मध्ये मोगादिशूत कित्येक वर्षांनी रात्रीच्या दिव्यांत फुटबॉलचा सामना झाला. 5 सप्टेंबर 2019 रोजी महासागराच्या ताऱ्यांनी झिंबाब्वेला 1-0 असे हरवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला सोमालियाचा हा पहिलाच विजय. आणि तोही परक्या भूमीवर, जिबुतीत, कारण घरचे मैदान सुरक्षित नव्हते. 30 जून 2020 रोजी, स्वातंत्र्याला साठ वर्षे होत असताना, मोगादिशूचे मोठे स्टेडियम खेळासाठी पुन्हा उघडले.

सगळे आलबेल झाले, असे मात्र समजू नका. 14 जुलै 2024 च्या रात्री मोगादिशूच्या एका कॉफीगृहात लोक युरोपच्या चषकाचा अंतिम सामना पाहत असताना बाहेर मोटारीत स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. म्हणजे सामना पाहायला घराबाहेर पडणे हीसुद्धा तिथे हिमतीची गोष्ट आहे.

आता परत आपल्या चार मित्रांकडे येऊ. रात्र बरीच झाली आहे. चहाचा तिसरा पेला चालू आहे. विषय निघाला आहे संसदेच्या जागांचा. 2000 सालापासून तिथे जागावाटपाचा एक हिशेब चालत आला. त्याला 'साडेचार'चा हिशेब म्हणतात. चार मोठ्या कुळांना एकेक समान वाटा, आणि उरलेल्या सगळ्या लहान गटांना मिळून अर्धा. मास्तर म्हणतात, "निदान यामुळे गोळ्या थांबल्या." दुकानदार मान डोलावतो. बंदरातला हमाल त्या अर्ध्या वाट्यातला आहे असे समजा. तो गप्प बसतो. मग कॉलेजातला पोरगा हळूच म्हणतो, "अदेर, मग राष्ट्रीय संघसुद्धा साडेचारच्या हिशेबाने निवडायचा का? गोलरक्षक अर्धाच घ्यावा लागेल!" सगळे हसतात. गप्प बसलेला हमालही हसतो. मास्तर रागावून उत्तर द्यायला सरसावतात, आणि लढाईला नव्याने तोंड फुटते.

ही लढाई बसल्या जागची आहे, हेच तिचे मोल. या देशाने उभ्याने केलेली लढाईही पाहिली आणि तोंडे बंद केलेली शांतताही पाहिली. दोन्हींची किंमत त्याने मोजली. म्हणून रमजानच्या रात्री चार माणसे एका ताटात हात घालून खजूर खातात, मग तावातावाने भांडतात, आणि पहाटे "उद्या भेटू, वलाल" म्हणून आपापल्या घरी जातात, तेव्हा मला ते रिकामटेकडेपण वाटत नाही. मोडलेले राज्य पुन्हा उभे करण्याची ती तालीम वाटते. तिथल्या बायकांच्याही खुर्च्या त्या कोंडाळ्यात येतील, तेव्हा ती अधिक पुरी होईल.

गुरुजी, उद्या वर्गात नकाशा उघडाल तेव्हा मुलांना त्या शिंगावरचे मोगादिशू दाखवा, आणि समोशा-भज्यांची गोष्ट सांगा. आणि बाकीच्या मंडळींनो, आपल्या पारावर संध्याकाळी जो फड जमतो, त्यात वेगळ्या आळीचा, वेगळ्या पक्षाचा माणूस येऊन बसतो की नाही, एवढे पाहा. येत असेल तर त्याला सरकून जागा द्या. येत नसेल तर उद्या हाक मारून बोलवा.